जस्त परिष्करणातील अवशेषांपासून धातुप्राप्ती

जस्ताच्या धातुकापासून (कच्च्या रूपातील धातूपासून) शुद्ध जस्त मिळविताना धूळ, गाळ, साका किंवा न विरघळलेला भाग या रूपांत जे पदार्थ मागे राहतात, त्यांतून रासायनिक प्रक्रियांनी इतर उपयुक्त धातू वेगळे करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. अशा रीतीने मुख्यतः कॅडमियम, इंडियम, जर्मेनियम, तांबे, कोबाल्ट, शिसे व चांदी हे धातू आणि पहिल्या प्रक्रियेत निसटलेले जस्त मिळविण्यात येते. जस्ताचे सर्वांत महत्त्वाचे धातुक स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) हे होय. याच्या स्फटिकात जस्ताच्या काही अणूंच्या जागी कॅडमियम, इंडियम, जर्मेनियम, गॅलियम इत्यादींचे अणू सामावलेले असतात. त्यामुळे खाणीवर धातुक दळून व तरंगवून कितीही समृद्ध केले, तरी हे धातू जस्ताबरोबरच कारखान्यात येतात. कॅडमियमाची खनिजे निसर्गात आहेत; परंतु ती इतकी विरळ आढळतात की, केवळ त्यांच्यासाठी खाण चालविणे परवडत नाही. जगातील बहुतेक सर्व नवे कॅडमियम व इंडियम जस्ताचा उपपदार्थ म्हणूनच हाती येते.

ही मलद्रव्ये (अशुद्ध द्रव्ये) काढून टाकणे जस्ताच्या शुद्धतेसाठी आवश्यकच असते. मात्र काढलेल्या भागाचे पुढे काय होते, तो धातू म्हणून विकला जातो, ढिगात पडून राहतो की नदीच्या पाण्यात जातो, हे ज्ञान, मागणी आणि कायदा या तीन गोष्टींनी वेळोवेळी ठरविले आहे. या विषयाचा इतिहास बव्हंशी या तीन गोष्टींचा इतिहास आहे.

ऊर्ध्वपातनाचा काळ : जस्ताचे ऑक्साइड कार्बनाबरोबर तापवून क्षपण केले (ऑक्सिजन काढून टाकला) असता जस्त द्रवरूपात न मिळता वाफेच्या रूपात मिळते, कारण त्याचा उकळबिंदू ९०७° से. असून क्षपणास त्याहून अधिक तापमान लागते. ही वाफ हवेशी संबंध न येऊ देता थंड करण्याची युक्ती भारतात फार पूर्वी साध्य झाली होती. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीत जस्ताचे ऊर्ध्वपातन करण्याचे वर्णन आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे हे काम मोठ्या प्रमाणावर चालत असे. तेथे मुशी भट्टीत उलट्या बसवून वाफ खाली उतरविली जाई. वापरून झालेल्या असंख्य मुशींचे ढीग या परिसरात पडलेले असून गावकऱ्यांनी घरांच्या व आवारांच्या भिंती बांधण्यासाठी त्या मुशी वापरलेल्या आढळतात. जस्तोद्योगातील अवशेषाचा पुनर्वापर झाल्याचे हे एक जुने उदाहरण म्हणता येईल. मात्र त्यात धातूची पुनःप्राप्ती नव्हती.

यूरोपात विल्यम चॅम्पियन यांनी ब्रिस्टल येथे १७३८ मध्ये जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले. पुढे सायलीशिया व बेल्जियम ही या धंद्याची केंद्रे बनली. या भट्ट्यांत एक गोष्ट नेहमी दिसून येई. प्रारंभी बाहेर पडणारी धूळ तपकिरी रंगाची असे. कॅडमियमाचा उकळबिंदू जस्ताच्या उकळबिंदूपेक्षा सु. १४०° से. नी कमी असल्याने ते प्रथम बाहेर पडून या धुळीत साठत असे. पण कॅडमियम नावाचा धातू आहे हेच अद्याप कोणास ठाऊक नव्हते.

कॅडमियमाचा शोध : हा शोध औषधांच्या तपासणीतून लागला. गटिंगेन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रीड्रिख श्ट्रोमायर यांच्याकडे हॅनोव्हर राज्यातील औषधालयांच्या तपासणीचे काम होते. १८१७ मध्ये जस्ताच्या ऑक्साइडाऐवजी जस्ताचे कार्बोनेट विकले जात असल्याचे त्यांना आढळले. हे कार्बोनेट तापविल्यावर पांढरे ऑक्साइड मिळावयास हवे होते. परंतु ते पिवळसर होई आणि त्यात लोहही सापडत नसे. हा पिवळेपणा एका नव्या धातूमुळे येतो असे श्ट्रोमायर यांनी दाखविले व जस्ताच्या धातुकाच्या ‘कॅडमिया’ या जुन्या लॅटिन नावावरून त्यास कॅडमियम हे नाव दिले. त्याच सुमारास सायलीशियातून आलेल्या जस्ताच्या ऑक्साइडाच्या विद्रावातून पिवळा साका मिळाल्याने त्यात आर्सेनिकाचे विष असल्याचा संशय घेण्यात आला होता. तपासाअंती तो साका कॅडमियमाच्या सल्फाइडाचा ठरला.

कॅडमियमाचे उत्पादन सायलीशियात सुरू झाले. भट्टीतील सुरुवातीची धूळ वेगळी जमवून तिचे पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करीत व प्रत्येक वेळी अधिकाधिक समृद्ध भाग घेत. एकोणिसाव्या शतकात या धातूच्या उत्पादनात जर्मनी अग्रेसर होता. मागणी मात्र बेताचीच होती. पिवळे व नारिंगी चित्ररंग आणि सहज वितळणाऱ्या मिश्रधातू हे त्याचे प्रमुख उपयोग होते. म्हणून बहुतेक कारखान्यांतून ही धूळ वाया जाई किंवा पुन्हा जस्ताच्या भट्टीतच टाकली जाई.

वर्णपटविज्ञानाचे साहाय्य : १८६० नंतर वर्णपटदर्शकामुळे अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये ओळखणे शक्य झाले आणि जस्ताचे धातुक हे नव्या मूलद्रव्यांच्या शोधाचे क्षेत्र बनले. जर्मनीतील फ्रायबेर्क येथील खनिकर्म विद्यालयातील फेर्डिनांट राइख हे १८६३ मध्ये स्थानिक जस्त धातुकांत थॅलियमाचा शोध घेत होते. राइख यांना रंगांधत्व असल्याने वर्णपट पाहण्याचे काम त्यांनी आपले सहकारी टेओडोर रिख्टर यांच्यावर सोपविले. रिख्टर यांना थॅलियमाची हिरवी रेषा दिसली नाही. त्याऐवजी निळीच्या रंगाची एक अपरिचित रेषा दिसली. या रंगावरून नव्या मूलद्रव्यास इंडियम हे नाव देण्यात आले.

१८७५ मध्ये पॉल एमिल ल्यकॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पिरेनीज पर्वतातील प्येरफीत येथील स्फॅलेराइटात गॅलियमाचा शोध लावला. दमित्री मेंडेलेव्ह यांनी आवर्त सारणीच्या आधारे १८७१ मध्ये वर्तविलेले हेच मूलद्रव्य होय. ते थोड्या प्रमाणात मिळविण्यासाठीदेखील काही शे किग्रॅ. धातुकावर प्रक्रिया करावी लागली. अशा रीतीने जस्ताच्या धातुकात काय दडलेले आहे याचे ज्ञान झाले. परंतु ते बाहेर काढण्यास व्यावहारिक कारण अद्याप मिळाले नव्हते.

विद्युत् विच्छेदन पद्धती : हे कारण विसाव्या शतकात मिळाले. जस्ताच्या सल्फेटाच्या विद्रावातून विजेच्या साहाय्याने जस्त मिळविण्याचे पेटंट लेआँ लेत्रांझ यांनी फ्रान्समध्ये १८८१ मध्ये घेतले होते. परंतु विद्राव पुरेसा शुद्ध नसल्याने पद्धती व्यवहारात उतरली नाही. पहिल्या महायुद्धात जस्ताची गरज वाढली. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलचे धातुक जर्मनी व बेल्जियमकडे जाणे बंद झाले. या परिस्थितीत १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील माँटॅना, कॅनडातील ट्रेल व टास्मानियातील रिझडन येथे विद्युत् विच्छेदनाचे मोठे कारखाने उभे राहिले.

या पद्धतीत धातुक सु. ९००° ते ९५०° से. तापमानास भाजून ऑक्साइड बनवितात आणि ते विरल सल्फ्यूरिक अम्लात विरघळवितात. विद्रावाची अम्लता कमी केल्यावर लोहाचा साका बसतो व त्याबरोबर आर्सेनिक, अँटिमनी व जर्मेनियम बऱ्याच अंशी निघून जातात. नंतर विद्रावात जस्ताची भुकटी टाकतात. तांबे, कॅडमियम, निकेल व कोबाल्ट यांच्यापेक्षा जस्त अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः विरघळते आणि हे धातू विद्रावातून बाहेर ढकलले जाऊन तळाशी बसतात. तापमान, भुकटीचे प्रमाण व सक्रियक द्रव्ये यांवर नियंत्रण ठेवल्यास तांबे, कोबाल्ट व कॅडमियम यांचे साके वेगवेगळ्या टप्प्यांत मिळविता येतात.

हे शुद्धीकरण टाळता येत नाही. जर्मेनियम, अँटिमनी किंवा कोबाल्ट दर लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशाइतके राहिले, तरी ऋणाग्रावर हायड्रोजन वायू सुटू लागतो, बसलेले जस्त पुन्हा विरघळते आणि वीज वाया जाते. कॅडमियम राहिल्यास ते जस्ताबरोबरच ऋणाग्रावर बसते. १९२९ नंतर प्रचारात आलेल्या जस्ताच्या साच्यात ओतावयाच्या मिश्रधातूंसाठी तर ९९.९९ टक्के शुद्ध जस्त आवश्यक ठरले. कारण कॅडमियम, शिसे वा कथिल यांच्या अत्यल्प अंशानेही असे ओतीव भाग कालांतराने तडकतात. म्हणजे जो कॅडमियमयुक्त भाग पूर्वी धुराबरोबर निघून जाई, तो आता प्रत्येक कारखान्यात गाळणीवर ठराविक ठिकाणी जमू लागला.

या साक्यापासून कॅडमियम मिळविण्याची रीत अशी : साका हवेत ऑक्सिडीभूत करून सल्फ्यूरिक अम्लात विरघळवितात. तांबे न विरघळता मागे राहते. गाळलेल्या विद्रावात पुन्हा जस्ताची भुकटी टाकल्यावर स्पंजासारखे सच्छिद्र कॅडमियम मिळते. ते दाबून त्याच्या वड्या पाडतात व दाहक सोड्याच्या थराखाली वितळवून ओततात किंवा पुन्हा विरघळवून विद्युत् विच्छेदनाने शुद्ध करतात. साधारणपणे एक टन जस्तामागे सु. ३ किग्रॅ. कॅडमियम मिळते.

पुरवठा असा निश्चित झाल्यावर उपयोगही वाढले. लोखंड व पोलाद गंजू नये म्हणून कॅडमियमाचा विद्युत् विलेपनाने मुलामा देणे, स्वीडिश संशोधक व्हाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधलेली निकेल-कॅडमियम विद्युत् घटमाला, टिकाऊ रंग व प्लॅस्टिकांची स्थिरीकारके ही प्रमुख क्षेत्रे होत. शिकागो येथे १९४२ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अणुभट्टीचे नियंत्रणही कॅडमियमाच्या साहाय्याने करण्यात आले; कारण हा धातू न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणात शोषून घेतो.

लोहयुक्त अवशेषाचा प्रश्न : धातुक भाजताना त्यातील लोह जस्ताशी संयोग पावून जस्ताचे फेराइट बनते. ते विरल अम्लात विरघळत नाही. त्यामुळे जुन्या कारखान्यांच्या अवशेषात सु. पाचवा हिस्सा जस्तच राहून जाई आणि त्याबरोबर शिसे, चांदी, इंडियम व जर्मेनियमही अडकून राहत. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत प्रचारात आलेल्या वेल्झ पद्धतीत असा अवशेष फिरत्या भट्टीत कोकबरोबर तापवून जस्त धुराच्या रूपात मिळवीत. परंतु त्यास इंधन पुष्कळ लागे. गरम व तीव्र अम्लाने फेराइट विरघळविता येते, हे माहीत होते. अडचण अशी होती की, त्यामुळे लोहही विद्रावात उतरे आणि त्याचा बसणारा साका इतका बुळबुळीत असे की, तो गाळता येत नसे.

हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात सुटला. स्पेन, नॉर्वे व ऑस्ट्रेलिया येथील जस्त कंपन्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधून काढली. विद्राव ९५° से. च्या आसपास ठेवून त्यात अमोनियम किंवा सोडियम लवण मिसळल्यास लोह जॅरोसाइट या स्फटिकी खनिजाच्या रूपात बसते व सहज गाळता येते. स्पेनमधील हारोसो या ओहळावरून नाव पडलेले हे खनिज निसर्गातही आढळते. १९७० च्या सुमारास बेल्जियममध्ये लोह गोथाइटाच्या रूपात व त्यानंतर जपानमध्ये हेमॅटाइटाच्या रूपात काढण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांमुळे धातुकातील जस्ताची प्राप्ती ९५ टक्क्यांहून अधिक झाली. तीव्र अम्लानंतर उरणारा शिसे व चांदी यांनी समृद्ध असा अवशेष शिशाच्या भट्टीकडे पाठविता येऊ लागला.

मात्र एक अवशेष संपवितानाच दुसरा निर्माण झाला. एक टन जस्तामागे सु. अर्धा टन जॅरोसाइट तयार होते. त्यात लोह असले, तरी गंधक व इतर मलद्रव्यांमुळे पोलादाच्या कारखान्यास ते चालत नाही आणि जड धातूंमुळे ते उघड्यावर टाकताही येत नाही. त्याच्यासाठी अस्तर लावलेली तळी बांधावी लागतात. टास्मानियात ते समुद्रात टाकण्यात येत असे. ही प्रथा १९९७ मध्ये बंद झाली. कॅनडात त्यात चुना व सिमेंट मिसळून त्याचे स्थिर घन द्रव्य बनविण्याची पद्धती विकसित झाली आणि पुढे ती भारतातही स्वीकारली गेली.

जर्मेनियम व इंडियम : क्लेमेन्स व्हिंक्लर यांनी जर्मेनियम १८८६ मध्ये चांदीच्या एका खनिजात शोधले, पण त्याचा व्यापारी पुरवठा मुख्यतः जस्ताच्या अवशेषांतून झाला. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओक्लाहोमा व परिसरातील जस्त उद्योगात भट्टीच्या धुरापासून ते मिळवू लागले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेला पहिला ट्रँझिस्टर जर्मेनियमाचा होता. त्यानंतरच्या दशकात या धातूस एकाएकी महत्त्व आले. जर्मेनियमयुक्त अवशेष हायड्रोक्लोरिक अम्लाबरोबर तापविल्यास त्याचे टेट्राक्लोराइड सु. ८४° से. ला ऊर्ध्वपातित होते व मलद्रव्ये मागे राहतात. जस्ताच्या विद्रावातून ते टॅनिनाच्या साहाय्याने साक्याच्या रूपातही काढता येते. ट्रँझिस्टरांत त्याची जागा सिलिकॉनाने घेतल्यावर अवरक्त किरणांची भिंगे व प्रकाशीय तंतू हे त्याचे प्रमुख उपयोग ठरले.

इंडियमाचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या एंजिनांतील धारव्यांवर (बेअरिंगांवर) लेप देण्यासाठी झाला. पुढे इंडियम व कथिल यांच्या मिश्र ऑक्साइडाचा थर पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो, हा गुण सपाट पडद्यांसाठी मोलाचा ठरला. तीव्र अम्लात उतरलेले इंडियम कार्बनी विद्रावकाने वेगळे करून जस्ताच्या वा ॲल्युमिनियमाच्या साहाय्याने स्पंजरूपात मिळवितात. आज संगणक व दूरध्वनी यांच्या पडद्यांवर हे इंडियम असते.

जिंझू नदीची दुर्घटना : अवशेषातील धातू मिळविला नाही तर काय होते, याचा सर्वांत कठोर धडा जपानमध्ये मिळाला. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या भागात कामिओका येथे शिसे व जस्ताची खाण आणि कारखाना होता. तेथील सांडपाण्याबरोबर कॅडमियम नदीत जाई, नदीचे पाणी भातशेतीस मिळे व तांदळातून ते माणसांच्या शरीरात शिरे. विशेषतः मध्यम वय ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार होऊन त्यांची हाडे इतकी ठिसूळ होत की, किरकोळ हालचालीनेही ती मोडत. रुग्णांच्या ‘दुखते, दुखते’ या आक्रोशावरून या रोगास ‘इताई-इताई’ असे नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रोगाचा संबंध खाणीशी जोडला. प्रारंभी त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. जपान सरकारने १९६८ मध्ये कॅडमियम हे या रोगाचे कारण असल्याचे मान्य केले. रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांनी दाखल केलेल्या दाव्याचा निकाल १९७१ मध्ये व वरच्या न्यायालयात १९७२ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतरच्या करारानुसार रहिवाशांना तज्ञांसह कारखान्याची दरवर्षी तपासणी करण्याचा हक्क मिळाला. दूषित शेतजमिनीची माती बदलण्याचे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. खाण त्यापूर्वीच, २००१ मध्ये, बंद झाली होती. विशेष म्हणजे ज्या दशकांत ही स्त्री-पुरुष माणसे आजारी पडत होती, त्याच दशकांत कॅडमियम हा जगाच्या बाजारात विकला जाणारा धातू होता. तो वेगळा करण्याची रसायनक्रिया ज्ञात होती. सांडपाण्यात जाणाऱ्या अंशाची जबाबदारी मात्र कोणावर टाकलेली नव्हती.

भारतातील स्थिती : आधुनिक काळात भारतात जस्ताचे उत्पादन केरळातील अलवाये येथे १९६७ मध्ये व राजस्थानातील देबारी येथे १९६८ मध्ये सुरू झाले. देबारीचा कारखाना १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान झिंक या कंपनीचा असून त्याची प्रारंभीची वार्षिक क्षमता १८,००० टन होती. जेथे मध्ययुगीन मुशींचे ढीग पडले आहेत, त्याच जावरच्या खाणींतील धातुक येथे आणले जाई. भाजणे, अम्लात विरघळविणे व विद्युत् विच्छेदन या पद्धतीमुळे जस्ताबरोबर कॅडमियमही मिळू लागले. पुढे विशाखापटनम् (१९७७) व चंदेरिया (१९९१) येथे कारखाने निघाले. लोखंडावर जस्ताचा मुलामा देताना उरणारी राख व मळी यांपासून सल्फ्यूरिक अम्लाच्या साहाय्याने झिंक सल्फेट बनविणारे लहान कारखानेही देशात अनेक ठिकाणी आहेत. भातावरील खैरा रोग जस्ताच्या अभावामुळे होत असल्याने हे खत शेतकऱ्यांना उपयुक्त ठरते. मात्र राखेतील शिसे व कॅडमियम प्रथम वेगळे केले नाही, तर तेच शेतात जाते. म्हणून खतनियंत्रण आदेशात या धातूंच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे. धोकादायक अपशिष्टांच्या हाताळणीसंबंधीचे नियम भारतात १९८९ मध्ये लागू झाले.

अलीकडील स्थिती : कॅडमियमामुळे कर्करोग होतो असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये जाहीर केले आणि यूरोपात २००६ पासून विद्युत् उपकरणांतील त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले. परंतु मागणी कमी झाली म्हणून कॅडमियमाचे उत्पादन थांबविता येत नाही. जस्त हवे असेल तोपर्यंत ते निघतच राहते आणि विकले गेले नाही, तर सुरक्षितपणे साठवावे लागते. सौर विद्युत् घटांतील कॅडमियम टेल्युराइड हा त्याचा एक नवा उपयोग आहे. इंडियम व जर्मेनियम यांची अडचण नेमकी उलट आहे. त्यांची मागणी वाढली, तरी केवळ त्यांच्यासाठी जस्ताचे उत्पादन वाढविणे परवडत नाही. ज्या कारखान्यांत ती वेगळी करण्याची सोय आहे, तेथूनच पुरवठा होतो. चीनने २०२३ मध्ये गॅलियम व जर्मेनियम यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर अनेक देशांचे लक्ष आपापल्या जस्त कारखान्यांतील अवशेषांकडे व जुन्या ढिगांकडे वळले. एकेकाळी जमीन अडविणारे म्हणून ज्यांच्याविषयी तक्रार होई, त्या ढिगांचे आता नमुने घेऊन पृथक्करण करण्यात येत आहे.